पान पिवळं पडलं? आधी मूळ बघा

मिरचीची बारा रोपं मी हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यावर रोपं वाढवायच्या, टाकीवर चढवली तेव्हा प्रत्येकाला बीजपत्रांनंतरची दोन-दोन खरी पानं आली होती. पाचव्या दिवशी सकाळी पाहिलं तर सगळ्यांनी माना टाकलेल्या. खालची पानं फिकट पिवळी, कडा किंचित खाली वळलेल्या. पिवळं पान म्हणजे उपाशी झाड, हे मनात इतकं पक्कं बसलं होतं की मी लगेच द्रावणात आणखी खत घातलं. संध्याकाळपर्यंत रोपं जास्तच मलूल झाली. तेव्हा कुठे एक जाळीची कुंडी उचलून खाली पाहिलं. पांढरीशुभ्र असायला हवीत ती मुळं तपकिरी पडली होती आणि बोटांना बुळबुळीत लागत होती. टाकी दिव्याखालीच ठेवलेली होती. पाण्यात थर्मामीटर बुडवला, तर २९ अंश. रोपं गुदमरत होती आणि मी त्यांना आणखी वाढून ठेवलं होतं.

तेव्हापासून एक क्रम मी मोडत नाही. आधी मूळ, मग पाणी, आणि पान सगळ्यात शेवटी. पानावर दिसतं ते काही दिवसांपूर्वी खाली घडून गेलेलं असतं. टोमॅटो असो, मिरची, लेट्यूस किंवा तुळस, पाण्यावर वाढणाऱ्या कोवळ्या रोपांच्या बहुतेक तक्रारी याच क्रमाने उलगडतात.

पाण्यात पाय असूनही तहान

नव्याने सुरुवात करणाऱ्याला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट हीच. टाकी काठोकाठ भरलेली आहे आणि रोप मात्र पाणी न मिळाल्यासारखं कोमेजलंय. हे होतं कसं?

मुळं जिवंत असतात, त्यांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीत कणांच्या मधल्या पोकळ्यांमध्ये हवा असते, तिथून त्यांना ऑक्सिजन मिळतो. टाकीत तो फक्त पाण्यात विरघळलेला असतो, तोही थोडाच. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर जेमतेम साडेसात. फरक फार वाटत नाही. पण पाणी तापलं की मुळांचा श्वासही वाढतो. म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो, दोन्ही एकाच वेळी. ऑक्सिजन तुटला की मुळांच्या पेशींच्या पडद्यावरची पाणी आत घेणारी दारं मिटायला लागतात. मग चोहीकडे पाणी असूनही वर पानापर्यंत ते पोचत नाही. म्हणून पाण्यावरचं रोप कोमेजलं तर पहिली शंका हवेबद्दल घ्यायची.

द्रावणाचं तापमान १८ ते २२ अंशांच्या आसपास राहिलं तर कोवळी रोपं खूश असतात. २५ च्या वर गेलं की लक्ष ठेवायचं. टाकी दिव्यापासून दूर ठेवणं, बाहेरून पांढरा किंवा चकाकता कागद गुंडाळणं, पाणी गार करायला बर्फ भरून बंद केलेली बाटली टाकीत सोडणं, हे साधे उपाय चालतात. बाटली बंदच हवी, नाहीतर बर्फ वितळून द्रावण पातळ होतं.

एअर पंप चालू आहे म्हणजे हवा पोचते आहे असं धरून चालू नका. एअर स्टोनवर, म्हणजे पंपाची हवा पाण्यात सोडणाऱ्या सच्छिद्र दगडावर, क्षारांचा थर बसला की बुडबुडे मोठे आणि तुरळक येतात. कान देऊन ऐका आणि पाण्याकडे बघा. बारीक बुडबुड्यांचा सलग पडदा दिसला पाहिजे. रात्री पंप बंद करणारेही असतात, आवाज होतो म्हणून. दिवा बंद झाला तरी मुळं श्वास घेतच असतात. पंप चोवीस तास चालू राहू द्या.

आता मूळ बघायचं ते असं. कुंडी हळूच उचला, मुळं उजेडात फार वेळ ठेवू नका. निरोगी मुळं पांढरी किंवा सायीच्या रंगाची असतात, बाजूला बारीक फाटे फुटलेले असतात आणि वास जवळजवळ येत नाही. नुसत्या रंगावर मात्र निवाडा करू नका. लोह किंवा ह्युमिक आम्ल असलेल्या खतांनी चांगली मुळंही पिवळसर-तपकिरी होतात. खात्री करायची तर मुळाचं एक टोक दोन बोटांत धरून अलगद ओढा. निरोगी मूळ टणक लागतं आणि अखंड राहतं. कुजलेल्या मुळाची बाहेरची साल मोज्यासारखी सुटून बोटांत येते आणि मागे दोऱ्यासारखी बारीक शीर उरते. सोबत साचलेल्या गटारासारखा वास आला तर शंकाच नको, ही मूळकूज आहे.

बहुतेक वेळा यामागे पिथियम नावाचा सूक्ष्मजीव असतो. दिसायला बुरशीसारखा, पण खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. त्याचे बीजाणू शेपटी हलवत पाण्यात पोहतात. म्हणूनच एका टाकीवरचं एक रोप आजारी पडलं की बाकीची लागोपाठ पडतात, आणि बुरशीवरची सगळीच औषधं याच्यावर लागू पडत नाहीत. तो संधी शोधत असतो. कोमट पाणी, कमी ऑक्सिजन, आधीच जखमी मुळं मिळाली की पसरतो.

सापडला तर द्रावण पूर्ण ओतून द्यायचं. टाकी, नळ्या, एअर स्टोन घासून धुवायचे. मुळं साध्या स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवून लिबलिबीत झालेला भाग स्वच्छ कात्रीने कापून टाकायचा. मग थंड पाण्यात नेहमीच्या निम्म्या तीव्रतेचं ताजं द्रावण आणि भरपूर हवा. काही जण हायड्रोजन पेरॉक्साईड घालतात, काही जण बॅसिलससारखे उपयोगी जिवाणू. दोन्ही एकत्र घालण्यात अर्थ नाही, पेरॉक्साईड चांगल्या जिवाणूंनाही मारतं. माझा स्वतःचा कल जिवाणूंकडे आहे. पण तापमान न उतरवता यातलं काहीही घातलं तरी आठवड्याभरात कूज परत येते, एवढं नक्की.

पाण्याची पातळी

हा मुद्दा छोटा आहे, पण यात चुकून किती रोपं जातात! नुकतंच टाकीवर आलेलं रोप असेल तर पाणी कुंडीच्या तळाला जेमतेम टेकलेलं हवं, किंवा बुडबुडे फुटून उडणारे तुषार तळापर्यंत पोचले तरी पुरे. मुळं जाळीतून बाहेर पडून खाली लोंबायला लागली की पातळी दोन-तीन सेंटिमीटर उतरवा. वरचा भाग हवेत राहू द्या. खोड बुडेल इतकं पाणी भरलं तर ते बुंध्यापाशीच सडतं.

हवाई विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅट्की यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत तर पंपच नसतो. टाकी एकदा भरायची, रोप पाणी पीत जातं, पातळी आपोआप उतरते आणि मोकळ्या झालेल्या जागेतली मुळं हवेतला ऑक्सिजन घेऊ लागतात. पाणी कमी झालं म्हणून काळजीपोटी कुणी टाकी पुन्हा काठोकाठ भरतं, आणि दोन दिवसांत चांगलं डवरलेलं रोप मान टाकतं. हवेवर जगायला शिकलेली मुळं एकदम बुडवली तर ती गुदमरतात. भर घालायचीच असेल तर थोडी घाला, वरची मुळं कोरडी राहतील अशी.

पीएच

पीएच म्हणजे पाणी किती आम्ल किंवा किती अल्कली आहे याचं माप. ७ म्हणजे ना इकडे ना तिकडे. याची मोजपट्टी साधी नाही, प्रत्येक अंकाला दहापट फरक पडतो. पीएच ५ चं पाणी ६ च्या पाण्यापेक्षा दहापट आम्ल असतं. म्हणून ‘एकाने चुकलं’ हे इथे किरकोळ नाही.

पाण्यावरच्या रोपांना ५.५ ते ६.५ मानवतं. मी ५.८ च्या आसपास ठेवते आणि ६.२ पर्यंत चढलं तरी हात लावत नाही. या पट्ट्यात सगळी अन्नद्रव्यं विरघळलेली आणि मुळांना घेता येतील अशी राहतात. पीएच ७ च्या वर गेला की लोहाची पंचाईत होते. टाकीत लोह भरपूर असतं, पण ते न विरघळणाऱ्या रूपात तळाशी बसतं. रोपाला लोहाची कमतरता होते आणि आपण वरून आणखी खत घालत राहतो. लोह चिलेटच्या रूपात, म्हणजे त्याला विरघळलेलं ठेवणाऱ्या रेणूत धरलेलं, असेल तर थोडी मुभा मिळते. त्यातही ईडीटीए प्रकारचं साडेसहाच्या पुढे सुटायला लागतं, डीटीपीए सुमारे ७ पर्यंत तग धरतं आणि ईडीडीएचए त्याहूनही वर टिकतं. खताच्या पिशवीवर हे नाव लिहिलेलं असतं, एकदा वाचून ठेवा.

पीएच रोज थोडा थोडा का चढतो, असं पुष्कळ जण विचारतात. मुळं नायट्रेट आत घेतात तेव्हा त्या बदल्यात पाण्यात अल्कली गुणाचे कण सोडतात, त्यामुळे पीएच वर सरकतो. अमोनियम घेताना याच्या उलट होतं. म्हणजे हळूहळू चढणारा पीएच हे रोप जेवत असल्याचं लक्षण आहे. एका रात्रीत ६ वरून ७.५ झाला तर मात्र कारण बहुधा जड (क्षारांच्या) पाण्यात आहे. त्यातले बायकार्बोनेट घातलेलं आम्ल गिळून टाकतात आणि पीएच पुन्हा वर उसळतो. अशा वेळी द्रावण बनवून एअर पंप लावून एक रात्र ठेवा, सकाळी पुन्हा मोजून दुरुस्त करा आणि मगच रोपांना द्या. पीएच उतरवणारं आम्ल हातमोजे आणि चष्मा घालून, थेंबाथेंबाने, नेहमी पाण्यात घाला. आम्लात पाणी ओतायचं नाही.

मीटरबद्दल एक कळकळीची विनंती. तो खोटं बोलतो. एकदा माझा मीटर पंधरा दिवस नियमाने ६ दाखवत होता आणि लेट्यूसची नवी पानं फिकटच येत होती. साध्या रंग बदलणाऱ्या थेंबांनी तपासलं तर ७ च्या पुढे! काचेचं टोक कोरडं पडलं होतं. ४ आणि ७ पीएचच्या प्रमाणित द्रावणात महिन्यातून दोनदा तरी मीटर जुळवून घ्या आणि टोक त्याच्यासाठी मिळणाऱ्या साठवण द्रावणातच ओलं ठेवा. डिस्टिल्ड पाण्यात ठेवू नका, त्याने ते खराब होतं.

खत किती झालं, हे ईसी सांगतो

पाण्यात क्षार विरघळले की त्यातून वीज जास्त वाहते. ईसी (विद्युतवाहकता) मीटर तेवढंच मोजतो आणि आकडा मिलीसिमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये देतो. कोणतं अन्नद्रव्य किती आहे हे त्याला कळत नाही. काही मीटर हाच आकडा पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) दाखवतात आणि तिथे घोळ होतो. ईसी १ असेल तर एक मीटर ५०० दाखवतो, दुसरा ७००. पाणी तेच. दुसऱ्याचा पीपीएम आकडा बघून आपल्या टाकीत खत घालताना दोघांचे मीटर एकाच पट्टीचे आहेत का, हे न बघितल्यामुळे रोपं जळालेली आहेत. ईसीतच बोलावं, हे बरं.

बीजपत्रं उघडली आहेत आणि खरी पानं अजून आलेली नाहीत, तेव्हा रोप बियातल्या शिदोरीवर जगत असतं. या वेळी ईसी ०.५ च्या आसपास पुरे. दोन-तीन खरी पानं आली की ०.८ ते १.२. मोठं टोमॅटोचं झाड २ ते ३ सहज पचवतं, पण तो आकडा पिशवीवरून उचलून बाळरोपाला लावायचा नाही. जास्त खताची खूण अशी: पानाचं अगदी टोक तपकिरी होऊन वाळतं, पानं गडद हिरवी, जाडसर होतात आणि टोकं पक्ष्याच्या नख्यांसारखी खाली वळतात.

ईसी रोज एकाच वेळी मोजून लिहून ठेवला तर टाकी जणू बोलायला लागते. पातळी उतरली आणि ईसी चढला, तर रोप पाणी जास्त आणि खत कमी घेतंय, म्हणजे द्रावण कडक आहे, साधं पाणी घाला. पातळी उतरली आणि ईसीही उतरला, तर रोपाची भूक वाढली आहे. पातळीच उतरत नसेल तर मुळांकडे जा.

आता पान वाचूया

मूळ पांढरं, पाणी गार, पीएच बरोबर, ईसी बरोबर, आणि तरी पान बिघडतंय. इथून पुढे पानावरची चिन्हं कामाची. ती वाचायची किल्ली एकच आहे: बिघाड जुन्या पानांपासून सुरू झाला की नव्या?

नायट्रोजन, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही झाडाच्या आत हलवता येणारी द्रव्यं. कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याला देतं, म्हणून त्रास खालच्या पानांवर आधी दिसतो. नायट्रोजन कमी असेल तर पूर्ण पान एकसारखं फिकटतं. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहून मधली जागा पिवळी होते. पालाश कमी असेल तर कडा करपतात. स्फुरद कमी असेल तर रोप खुजं राहतं आणि पानाखाली, देठावर जांभळट झाक येते. अर्थात थंडीनेही जांभळेपणा येतो आणि काही वाणांचा रंगच तसा असतो.

कॅल्शियम आणि लोह एकदा पानात बसले की हलत नाहीत. त्यांची टंचाई नव्या पानांवर दिसते. सगळ्यात कोवळं पान पिवळं आणि त्यावर हिरव्या शिरांची नाजूक जाळी, ही लोहाची खूण. आणि आधी सांगितलं तसं, नव्वद टक्के लक्ष अशा वेळी पीएचकडेच द्या, लोहाच्या बाटलीकडे नको. कॅल्शियमची गोष्ट वेगळी आहे. ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं आणि तो प्रवाह पानातून बाष्प निघून गेल्यामुळे चालतो. हवा कोंदट असेल तर बाष्प निघत नाही, प्रवाह मंदावतो, आणि लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा काळ्या पडतात. टाकीत कॅल्शियम असूनही. तिथे औषध म्हणजे मंद फिरणारा पंखा.

आरओचं पाणी वापरणाऱ्यांना कॅल्शियम-मॅग्नेशियमची खरी टंचाई होऊ शकते, कारण ते दोन्ही त्या पाण्यातून निघून गेलेले असतात आणि काही खतं नळाच्या पाण्यात ते आहेत असं धरून बनवलेली असतात. आणखी एक, ए आणि बी अशा दोन भागांत येणारं खत आटलेल्या रूपात एकमेकांत मिसळू नका. एकातलं कॅल्शियम दुसऱ्यातल्या सल्फेट-फॉस्फेटशी जुळून पांढरा गाळ होतो आणि तो रोपाच्या काही कामाचा नसतो. भरपूर पाण्यात ए घाला, ढवळा, मग बी.

कोणतं द्रव्य कमी पडलं की काय दिसतं हे ज्ञान मुळात अशाच टाक्यांतून आलं आहे. १८६० च्या दशकात जर्मनीत युलियस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी मातीशिवाय, क्षारांच्या पाण्यात रोपं वाढवली. अशा पाण्यातून एकेक द्रव्य वगळून काय बिघडतं, हे पाहता येऊ लागलं. एका वेळी एकच बदल. घरच्या टाकीशी वागतानाही हीच शिस्त मला सगळ्यात उपयोगी पडली आहे. पीएच, खत, दिवा, सगळं एकाच संध्याकाळी बदललं तर रोप सुधारलं कशाने आणि बिघडलं कशाने, दोन्ही कळत नाही.

जे आजार वाटतात, पण वेगळेच असतात

खोड लांब, बारीक, पांढरट आणि रोप कलंडतंय, तर ते उजेड शोधतंय. दिवा जवळ आणा, टोमॅटो-मिरचीला थोडं खोल बसवून खोडाला आधार द्या. उलट, पानं होडीसारखी वर दुमडली असतील आणि शेंड्याजवळचा रंग उडाला असेल तर दिवा फार जवळ आहे.

बीजपत्रं दोन-तीन आठवड्यांनी पिवळी होऊन गळतात. गळू द्या, त्यांचं काम झालेलं असतं.

बुंध्याशी खोड दोऱ्यासारखं आवळून रोप एका रात्रीत आडवं पडलं, तर तो मर नावाचा रोग. ते रोप वाचत नाही. लगेच काढा, शेजारची वाचवायची असतील तर रोप ज्यात रुजवलं ते रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सतत चिंब ठेवणं थांबवा. रॉकवूल मुळात अल्कली असतं, ते आधी ५.५ पीएचच्या पाण्यात भिजवून घ्यावं लागतं. कोकोपीटमध्ये मीठ राहिलेलं असू शकतं, नीट धुऊन घ्या.

टाकीत उजेड शिरत असेल तर हिरवं शेवाळ येतं. ते खत खातं आणि मेल्यावर सडताना ऑक्सिजनही ओढतं. झाकणातली रिकामी भोकं बंद केली की निम्मं काम होतं.

दुरुस्तीनंतर खराब झालेल्या पानाकडे बघून निराश होऊ नका. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही. सुधारणा बघायची ती मुळाच्या टोकाशी आणि शेंड्यातून उघडणाऱ्या नव्या पानात. माझ्या त्या बारा मिरच्यांपैकी सात वाचल्या. चौथ्या दिवशी तपकिरी गुंत्यातून तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी टोकं बाहेर आलेली दिसली, आणि मी ती भिंग घेऊन कितीतरी वेळ बघत बसले होते. नवी पानं सरळ उभी राहायला आणखी आठवडा लागला.

पाच गेल्या. त्यांच्या जागी लगेच नवी रोपं बसवू नका, असं मी प्रत्येकाला सांगते. आधी टाकी रिकामी करा, एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी या मिश्रणाने सगळे भाग पुसून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग वास जाईपर्यंत खळखळून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ब्लीचजवळ पीएच उतरवणारं आम्ल चुकूनही नेऊ नका, दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. एअर स्टोन जुना असेल तर तो टाकूनच द्या, त्याच्या छिद्रांत काय दडून बसलंय ते धुऊन निघेल याची खात्री नसते.